शांबेरीची शहरफेरी : महादजींच्या फौजेतून आलेला पैसा आणि आल्प्समधले एक शहर

फ्रान्सच्या आल्प्समध्ये, शार्त्रूझ आणि बोज या दोन डोंगररांगांच्या मधल्या दरीत शांबेरी हे शहर वसले आहे. या शहराचे एकोणिसावे शतक उलगडून दाखवणारी एक पायी फेरी मार्गदर्शकासोबत करता येते. सुमारे दोन तासांची ही फेरी किल्ल्याच्या पायथ्याशी सुरू होते आणि हत्तींच्या कारंज्यापाशी संपते. ती मला मनापासून आवडली, आणि तिच्यातली एक उणीव मला तितकीच मनापासून खटकली. दोन्हींचे कारण एकच माणूस आहे : महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या करणारा बेन्वा डी बॉइन. तो १७५१ साली याच शहरात जन्मला आणि १८३० साली याच शहरात वारला. मधल्या काळात उत्तर हिंदुस्थानात त्याने जे कमावले, त्यातून आजच्या शांबेरीचा मध्यभाग घडला. युरोपच्या सहलीला निघणाऱ्या, तसेच फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना या फेरीची नीट माहिती असावी, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात किल्ल्यापाशी होते, हे योग्यच आहे. शांबेरी ही सव्हॉय घराण्याची जुनी राजधानी. १५६३ साली राजधानी आजच्या इटलीतल्या तुरीनला हलली आणि शांबेरीकडे प्रांताच्या मुख्य ठाण्याची भूमिका उरली. १७९२ साली क्रांतिकारी फ्रान्सच्या फौजा शहरात शिरल्या आणि सव्हॉय हा ‘माँ ब्लाँ’ नावाचा फ्रेंच जिल्हा झाला. नेपोलियनच्या पाडावानंतर, १८१५ च्या तहाने, हा मुलूख पुन्हा सव्हॉय घराण्याच्या म्हणजेच सार्डिनियाच्या राजाकडे गेला आणि १८६० साली तो कायमचा फ्रान्समध्ये सामील झाला. एका माणसाच्या हयातीत एका शहराने इतक्या वेळा निशाण बदलावे, ही गोष्ट आमच्या मार्गदर्शक बाईंनी घाई न करता, सनावळ्यांचा भडिमार न करता समजावून सांगितली. किल्ल्यात आजही सरकारी कचेऱ्या आहेत, त्यामुळे आतल्या भागात मार्गदर्शकाशिवाय जाता येत नाही. केवळ एवढ्यासाठीसुद्धा फेरीचे शुल्क देणे पटते.

फ्रेंच अमलाच्या पहिल्या पर्वाची सर्वांत ठळक खूण म्हणजे क्युरिआल बराकी. शतकाच्या पहिल्याच दशकात उभी राहिलेली ही भली मोठी चौकोनी वास्तू, मधल्या विस्तीर्ण चौकासह, पॅरिसच्या इनव्हालिद या जुन्या सैनिकगृहाच्या धर्तीवर बांधलेली आहे आणि आता ती सांस्कृतिक कामांसाठी वापरली जाते. फेरीत ती लांबूनच दाखवली गेली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुख्य चर्चमध्ये मात्र आणखी थोडा वेळ हवा होता. त्याच्या भिंतींवर आणि छतावर काझिमीर व्हिकारिओ या चित्रकाराने १८३० च्या दशकात जे गॉथिक कोरीवकाम रंगवले आहे ते कोरीव नाहीच. सपाट गिलाव्यावर रंग आणि सावल्या वापरून केलेला तो दृष्टिभ्रम आहे. सुमारे ६,००० चौरस मीटरवर पसरलेले हे काम युरोपातल्या या प्रकारच्या चित्रांमध्ये सर्वांत मोठे मानले जाते. दगडात कोरण्याइतका पैसा हाती नसताना वैभव कसे उभे करायचे, याचे उत्तर पुनर्स्थापित राजवटीच्या काळातल्या या शहराने इथे शोधलेले दिसते.

फेरीचा गाभा त्यानंतर येतो. जुन्या शांबेरीत बोळ आहेत, एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात निघणारे अंधारे रस्ते आहेत, आणि अचानक उघडणारी चिमुकली अंगणे आहेत. या दाटीच्या मधोमध एक सरळ, रुंद, दोन्ही बाजूंना कमानदार ओवऱ्या असलेला रस्ता किल्ल्याच्या बाजूकडून थेट कारंज्याकडे जातो. हा डी बॉइन मार्ग. १८२० च्या दशकात जुनी वस्ती पाडून तो काढण्यात आला आणि त्याचा खर्च प्रामुख्याने डी बॉइनने दिला. ओवऱ्यांची कल्पना तुरीनची आहे. राजा तुरीनला बसत होता, तिथल्या चाकोरीत शहर बांधणे म्हणजे आपली निष्ठा दगडात मांडणे होते. मार्गदर्शक बाईंनी आम्हाला आधी बाजूच्या एका अरुंद बोळातून चालवले आणि मग एकदम या रस्त्यावर आणले. त्या एका वळणात शतकभराचा नगररचनेचा बदल डोळ्यांना कळतो. पावसाळी दिवशी ओवऱ्यांखालून कोरडे चालता येते आणि उन्हात सावली मिळते, म्हणून स्थानिक लोक आजही याच रस्त्यावर रेंगाळतात.

याच मार्गाच्या ओघात नाट्यगृह येते. डी बॉइनच्या देणगीतून १८२० च्या दशकात बांधलेले मूळ नाट्यगृह १८६४ साली आगीत सापडले आणि लगोलग पुन्हा बांधले गेले. आतला लुई व्हाक्का या चित्रकाराचा रंगवलेला जुना पडदा मात्र त्या आगीतून वाचला. पाताळात उतरणाऱ्या, ग्रीक पुराणकथेतल्या ऑर्फियसचे चित्र त्यावर आहे. पडदा रोज पाहायला मिळत नाही, त्यामुळे फेरी ठरवण्याआधी चौकशी करावी.

नाट्यगृह आणि रस्ता या दिसणाऱ्या देणग्या झाल्या. न दिसणाऱ्या देणग्यांची यादी त्याहून मोठी आहे : वृद्धांसाठी आश्रम, मनोरुग्णांसाठी रुग्णालय, अनाथ मुलांसाठी आणि निराधारांसाठी संस्था, रुग्णालयांतल्या खाटांचा खर्च, शाळेला मदत. मार्गदर्शक बाईंनी इथे एक फार चांगली गोष्ट केली. त्यांनी या दातृत्वाची आरती ओवाळली नाही; १८१५ नंतरच्या सव्हॉयमधले दारिद्र्य, कामाच्या शोधात ल्योन आणि पॅरिसकडे जाणारे डोंगरी तरुण, धुराडी साफ करणारी मुले, हे सगळे आधी सांगितले आणि मग या संस्थांकडे वळल्या. त्यामुळे एका श्रीमंत परतलेल्या सैनिकाच्या हौसेपेक्षा शहराची गरज अधिक स्पष्ट दिसली.

शेवटचा थांबा हत्तींचे कारंजे. १८३८ च्या डिसेंबरात त्याचे उद्घाटन झाले. ग्रेनोब्लचा शिल्पकार पिएर-व्हिक्तोर सापे याने ते घडवले. चार बाजूंना तोंडे करून उभे असलेले चार हत्ती, त्यांच्या सोंडांमधून पडणारे पाणी, मधून वर गेलेला ताडाच्या खोडासारखा स्तंभ आणि त्याच्या माथ्यावर गणवेशातला डी बॉइन, अशी सुमारे १७.५ मीटर उंचीची ही रचना आहे. हत्तींचे फक्त पुढचे अर्धे भाग घडवलेले असून ते पाठीमागे एकमेकांत मिसळतात. वरून पाहिले तर त्यांच्या मांडणीतून सव्हॉयच्या निशाणावरचा क्रूस तयार होतो. शांबेरीकरांनी मात्र पहिल्यापासून त्यांना ‘बिनढुंगणाचे चौघे’ असे लाडके नाव ठेवले आहे. २०१५ च्या सुमारास कारंज्याची मोठी दुरुस्ती झाल्यामुळे आता हत्तींवरचे बारकावे नीट दिसतात. पाठीवरच्या अंबारीसारख्या बुरुजांकडे, आणि वरच्या भागात कोरलेल्या हिंदुस्थानी शस्त्रांच्या, पोशाखाच्या आणि निशाणांच्या राशीकडे मुद्दाम लक्ष द्यावे. घाईने छायाचित्र काढून निघालेल्या माणसाला त्या दिसत नाहीत.

आता उणीव. या हत्तींसमोर उभे राहून आम्हाला सांगण्यात आले ते एवढेच, की हा शांबेरीचा सुपुत्र दूर भारतात गेला, एका महाराजाच्या पदरी राहिला, लढाया जिंकल्या आणि अपार संपत्ती घेऊन परतला. महाराज कोण, लढाया कोणाविरुद्ध, संपत्ती कशातून, यातले काहीच नाही. एका रस्त्याच्या ओवऱ्यांचा उगम तुरीनमध्ये शोधणारी, १८१५ च्या तहाची कलमे सांगणारी ही काटेकोर फेरी भारताचा विषय निघताच परीकथेच्या भाषेत बोलू लागते. मी प्रश्न विचारला तेव्हा उत्तर अतिशय सौजन्याने मिळाले, पण त्यात ‘मराठा’ हा शब्द नव्हता. शहराचा इतका मोठा भाग ज्या पैशावर उभा आहे, त्या पैशाची कुळकथा सांगणे हे अशा फेरीचे कामच आहे.

ती कुळकथा मराठी वाचकाने सोबत घेऊन जावी, म्हणून थोडक्यात देते. चामड्याच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा आधी फ्रान्सच्या आणि मग रशियाच्या सैन्यात राहिला, तुर्कांच्या कैदेत पडला, १७७८ मध्ये मद्रासला पोचून कंपनीच्या फौजेत लागला आणि तिथून उत्तरेकडे सरकला. १७८४ साली महादजींनी त्याला चाकरीत घेतले आणि युरोपीय कवायतीवर दोन पलटणी उभ्या करण्याचे काम दिले. लालसोटच्या लढाईतल्या अपयशानंतरचा पडता काळ महादजींनी निभावून नेला, आणि १७९० साली पाटण आणि मेडता इथल्या लढायांमध्ये या वाढलेल्या कंपूने, म्हणजे कवायती फौजेने, मोगल सरदार इस्माईल बेग आणि जयपूर-जोधपूरच्या फौजांचा पराभव केला. १७९३ मध्ये लाखेरीला हीच फौज तुकोजी होळकरांच्या सैन्यावर चालून गेली. मराठ्यांच्या दोन मोठ्या सरदारांमधली ती लढाई आपल्या इतिहासातली एक दुःखद घटना आहे. फौजेच्या खर्चासाठी महादजींनी अंतर्वेदीतला, म्हणजे गंगा-यमुनेच्या दुआबातला, मोठा मुलूख डी बॉइनच्या हवाली केला होता. त्याची छावणी कोइलला, आजच्या अलीगढला, होती. भक्कम पगार, महसुलातला वाटा आणि लखनौच्या क्लोद मार्तिनसारख्या मित्रांबरोबर केलेला व्यापार, हे त्याच्या संपत्तीचे झरे. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला वारले. डी बॉइन त्यांचे वारस दौलतराव यांच्या चाकरीत थोडाच काळ राहिला आणि १७९६ मध्ये त्याने भारत सोडला.

म्हणजे शांबेरीच्या ओवऱ्या आणि आश्रम यांच्या मुळाशी दुआबातल्या शेतकऱ्याने भरलेला सारा आहे, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला पाटीलबाबांचे, म्हणजे महादजींचे, राजकारण आहे. त्या राजकारणाचे काय झाले तेही आपल्याला ठाऊक आहे : १८०३ साली असई, दिल्ली आणि लासवारी इथे इंग्रजांनी ही कवायती फौज मोडली, आणि त्यातली असई आजच्या जालना जिल्ह्यात आहे. फौज संपली, पण तिच्या उभारणीतून सुटलेला पैसा पुढची अनेक वर्षे आल्प्समध्ये रस्ते काढत होता. हा धागा फेरीत पाच मिनिटांत सांगता आला असता, आणि माझ्या मते तो ऐकून फ्रेंच श्रोत्यांनाही आपले शहर अधिक कळले असते.

त्याच्या कुटुंबाबद्दलही असेच घडते. आदेल दॉसमाँ या फ्रेंच सरदारकन्येशी १७९८ साली लंडनमध्ये झालेला त्याचा अयशस्वी विवाह रंगवून सांगितला जातो. भारतातली त्याची पहिली पत्नी नूर बेगम, जी पुढे हेलेन बेनेट या नावाने इंग्लंडमध्ये जगली आणि १८५३ साली ससेक्समध्ये वारली, तिचा उल्लेखही झाला नाही. डी बॉइनची सरदारकी आणि शांबेरीतली मालमत्ता ज्या मुलाकडे गेली तो शार्ल-अलेक्सांद्र हा तिचाच मुलगा होता. या घराण्याची पुढची वंशवेल एका हिंदुस्थानी स्त्रीच्या पोटची आहे, ही गोष्ट हत्तींच्या शेजारी उभे राहून ऐकायला मिळायला हवी.

ही उणीव एवढ्या विस्ताराने मांडली, कारण बाकीच्या फेरीचा दर्जा उंच आहे. १८४८ आणि १८६० ही दोन वर्षे तर इतकी उत्तम सांगितली गेली, की तेवढ्यासाठी मी पुन्हा ती फेरी करीन. एप्रिल १८४८ मध्ये, पॅरिसच्या क्रांतीची हवा अंगात भरलेल्या ल्योनच्या कामगारांची एक टोळी, ज्यात सव्हॉयचे स्थलांतरितही पुष्कळ होते, शांबेरीवर चालून आली, तिने प्रजासत्ताक जाहीर केले, आणि दुसऱ्याच दिवशी शहरवासीयांनी तिला हुसकून लावले. बारा वर्षांनी मात्र याच प्रदेशाने फ्रान्समध्ये जाण्याचा कौल दिला. सार्डिनियाचा पंतप्रधान काव्हूर आणि फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन यांच्यातला सौदा आधीच ठरला होता : ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात फ्रान्सच्या मदतीच्या बदल्यात सव्हॉय आणि नीस. २४ मार्च १८६० रोजी तुरीनचा तह झाला आणि २२ व २३ एप्रिलला सार्वमत घेण्यात आले. सामिलीकरणाच्या बाजूने १,३०,५३३ मते पडली आणि विरोधात २३५. हे आकडे सांगून मार्गदर्शक बाई थांबल्या आणि त्यांनी विचारले, की इतका एकतर्फी निकाल कशाने लागतो? मग त्यांनीच कारणांचे पदर उलगडले : भाषा फ्रेंच होती, धर्मगुरूंना तुरीनच्या सरकारचे मठविरोधी कायदे जाचत होते, व्यापाऱ्यांना ल्योनची बाजारपेठ हवी होती, आणि कौल मागण्याआधीच निर्णय झालेला असताना विरोधाला जागाही फारशी उरली नव्हती. यातले कुठलेही एक कारण पुढे करून बाकीची त्यांनी झाकली नाहीत. १४ जून १८६० रोजी याच किल्ल्यात सव्हॉय विधिपूर्वक फ्रान्सच्या स्वाधीन झाला.

न्यायालयाची भव्य इमारत या स्थित्यंतराची उत्तम साक्ष आहे : ती सार्डिनियाच्या अमलात बांधायला घेतली आणि पूर्ण होता होता फ्रान्सची झाली. रेल्वेचेही तसेच. व्हिक्टर इमॅन्युएल राजाच्या नावाची रेल्वे १८५६ मध्ये शांबेरीत आली. आल्प्सच्या पोटातून इटलीकडे जाणारा फ्रेजूसचा बोगदा १८५७ साली एकाच राज्याच्या दोन भागांना जोडण्यासाठी सुरू झाला, आणि १८७१ साली तो उघडला तेव्हा त्याची दोन तोंडे दोन देशांत होती. हे सांगताना रेल्वे स्थानकापर्यंत चालत नेले असते तर बरे झाले असते, पण तो भाग २६ मे १९४४ च्या बॉम्बवर्षावात पुष्कळसा उद्ध्वस्त झाला असल्याने तिथे पाहण्यासारखे जुने फारसे उरलेले नाही.

शतकाच्या अखेरीचा भाग उरकल्यासारखा वाटला. १७९२ च्या पहिल्या सामिलीकरणाच्या शताब्दीनिमित्त १८९२ साली उभारलेला, निशाण कवटाळून उभ्या असलेल्या धट्ट्याकट्ट्या सव्हॉयी स्त्रीचा पुतळा दाखवला गेला. लोक तिला ‘ला सासों’ म्हणतात; दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ती नेली, परत मिळाली तेव्हा तिला डोके नव्हते, आणि दुरुस्त होऊन ती १९८२ मध्ये पुन्हा उभी राहिली. १८६० ऐवजी १७९२ चा उत्सव करण्यामागे प्रजासत्ताकाचा हेतू होता, कारण १८६० चे श्रेय सम्राटाकडे जाते. हा मुद्दा एका वाक्यात आटोपला, तो खुलवायला हवा होता. शहरातला व्हर्मुथ या सुगंधी मद्याचा धंदा, जो १८२१ पासूनचा आहे आणि डोलँ या नावाने आजही चालू आहे, त्याचा केवळ नामोल्लेख झाला.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. पॅरिसहून जलद गाडीने सुमारे तीन तासांत आणि ल्योनहून दीड तासाच्या आत शांबेरी गाठता येते. स्थानकापासून जुना भाग पायी अंतरावर आहे. फेऱ्या मुख्यतः फ्रेंचमध्ये असतात, इंग्रजीतली फेरी हवी असल्यास आधी विचारून दिवस ठरवावा. चालण्याचा वेग ज्येष्ठांना झेपेल असा आहे, मात्र किल्ल्याकडे चढ आणि पायऱ्या आहेत आणि बोळांतली फरसबंदी खडबडीत आहे, म्हणून बूट चांगले हवेत. लहान मुले पहिल्या तासानंतर कंटाळतील. त्यांना घेऊन थेट कारंज्यापाशी येऊन मिळणे सोयीचे. फेरीला जोडून सव्हॉयच्या इतिहासाचे संग्रहालय पाहावे. ते जुन्या फ्रान्सिस्कन मठात, मुख्य चर्चला लागूनच आहे, दीर्घ नूतनीकरणानंतर २०२३ मध्ये पुन्हा खुले झाले आहे, आणि फेरीत ऐकलेल्या राजवटींच्या उलथापालथी तिथे वस्तूंच्या रूपाने समोर येतात.

फेरीत नसलेली एक जागा मात्र स्वतः जाऊन पाहावी. शहराच्या उत्तरेकडच्या चढावर लेमाँक नावाचे पुरातन चर्च आहे, आणि डी बॉइनची समाधी तिथे आहे. चर्च नेहमी उघडे नसते, त्यामुळे वेळेची खात्री करून मगच चढावे. फ्रेंच समजणाऱ्या आणि इतिहासाची गोडी असलेल्या कोणालाही मी ही फेरी निःसंकोच सुचवीन. वानवडीची शिंदे छत्री ज्यांनी पाहिली आहे त्यांनी तर ती जरूर करावी, आणि कारंज्यापाशी महादजींचे नाव मोठ्याने घेऊन मार्गदर्शकाला प्रश्न विचारावा. असे प्रश्न पुरेसे आले तर पुढच्या हंगामात त्यांचे उत्तर फेरीत सामील होण्याची शक्यता आहे.